नुसतं बघून येतो

"नुसतं बघून यायचं," बायको म्हणाली. "बोलायचं नाही, विचारायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही. जायचं, बघायचं, परत यायचं. एवढं तरी जमेल ना?"

न बोलणं, न विचारणं आणि न सांगणं या तिन्ही गोष्टी ग्रंथपालांना उत्तम जमत. त्यांच्या बळावरच त्यांनी वाचनालयातली सबंध नोकरी पार पाडली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इमारतीत सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत, आणि जिन्यात कोणी भेटलं तर ते अजूनही, पुस्तक परत करायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे, चेहऱ्याऐवजी त्याच्या हातांकडे बघत. अडचण होती ती चौथ्या गोष्टीची. बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

प्रकरण असं होतं. ग्रंथपालांची एकुलती एक लेक डोळ्यांची सर्जन होती आणि दूरच्या शहरात एका अवाढव्य इस्पितळात नोकरी करत होती. आता घरापासून चालत जाता येईल अशा एका नेत्रालयानं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. तीन डॉक्टरांनी भागीदारीत काढलेलं नेत्रालय. काम वाढलं, शाखा निघाल्या, सर्जन पुरेनात. पगार चांगला, शिवाय पुढेमागे भागीदार करून घेण्याची शक्यता. लेकीनं हे फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, "माझं अजून काही ठरलेलं नाही. आणि तुम्ही दोघांनी यात पडायचं नाही. ओळख काढायची नाही, शब्द टाकायचा नाही. कुणाची तरी मुलगी म्हणून मला नोकरी नकोय. कळलं का, आई?"

"कळलं," आई म्हणाली, आणि फोन ठेवल्या ठेवल्या नवऱ्याकडे वळली. "उद्या जाऊन बघून या."

तिचंही अगदीच चुकत होतं असं नाही. लेक परत यावी हा तिचा गेल्या कित्येक वर्षांचा ध्यास होता. पण येऊन ती कुठल्या खड्ड्यात पडते हेही बघायला नको का? "भागीदारीचं मला सांगू नका. आधी एका ताटात जेवतात, मग ताट कुणाचं यावर भांडतात. तीन जुनी माणसं आणि त्यांच्यात ही एकटी नवी. डॉक्टर एकमेकांशी कसे बोलतात ते बघा. नर्सवर ओरडतात का बघा. दुपारी कुणी जेवतं की नाही ते बघा. आणि बाथरूम बघा. बाथरूमवरून माणसं कळतात."

कुणाला काही सांगायचं नाही हा नियम तिला स्वतःला लागू नसावा, कारण संध्याकाळी तळमजल्यावरचे विमावाले सल्ला घेऊनच वर आले. विमावाले म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे विकायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते सल्ले फुकट देत.

"पेशंट म्हणून जा," ते म्हणाले. "नुसते गेलात तर औषध कंपनीचा माणूस समजून दाराबाहेर बसवतील. पेशंटापासून कुणी काही लपवत नाही. त्याच्याकडे कोण बघतंय?"

आपल्याकडे कोणी बघणार नाही, हा मुद्दा ग्रंथपालांना फार आवडला.

नेत्रालय वाढतंय हे रस्त्यावरूनच ऐकू येत होतं. खाली तपासणी, वर ऑपरेशन थिएटर आणि त्याच्याही वर प्लायवूड, करवत आणि भिंतीत भोकं पाडणारं यंत्र. यंत्र सुरू झालं की काउंटरवरची मुलगी वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि ते थांबलं की वाक्याच्या तिसऱ्याच ठिकाणाहून पुढे बोलायची. काउंटरच्या काचेतलं भोक ठेंगण्या माणसाच्या मापानं पाडलेलं होतं. ग्रंथपाल वाकले.

"काय त्रास होतोय?"

"त्रास असा काही नाही. नुसतं बघायचं होतं."

"बघायला त्रास होतोय," असं म्हणत तिनं टाइप केलं. "लांबचं की जवळचं?"

ग्रंथपालांनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. मागे रांग वाढत होती. "दोन्ही," ते म्हणाले.

"बाकावर बसा."

बाक पिवळा होता. त्या नेत्रालयाची एक रीत होती. ती कुठेही लिहिलेली नव्हती, पण कडक पाळली जाई: पिवळ्या बाकावर पिकल्या केसांचं माणूस दिसलं, की त्याच्या डोळ्यांत थेंब टाकायचे. बाहुल्या मोठ्या होतात, डॉक्टरांना आतलं नीट दिसतं, डॉक्टरांचा वेळ वाचतो. वाढत्या नेत्रालयात वेळ कुणाकडे असतो? तेव्हा आधी थेंब, मग विचारपूस.

"चष्मा काढा. खिशात ठेवा. वर बघा," सिस्टर म्हणाली.

कुणी ठाम आवाजात काही सांगितलं तर ते करायचं, हे ग्रंथपालांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं. ते वर बघू लागले. थेंब पडले. डोळे चुरचुरले. 'अहो, मी तर फक्त' एवढं वाक्य जुळेपर्यंत सिस्टर तीन डोकी पुढे गेली होती. ती पुन्हा येताना दिसली तेव्हा सावधगिरी म्हणून ते सरकत सरकत बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्या टोकाकडून दुसरी सिस्टर सुरुवात करत होती.

थोड्या वेळात जग विरघळलं. दिव्यांची भोपळ्याएवढी वर्तुळं झाली, माणसांचे पांढरे आणि निळे ढग झाले, आणि समोरच्या भिंतीवर काही लिहिलेलं होतं की भिंतच तशी होती, ते कळेना. बघायला म्हणून पाठवलेल्या माणसाला या घटकेला बघण्याखेरीज जगातलं कुठलंही काम करता आलं असतं.

मग कुणीतरी दंड धरून त्यांना एका अंधाऱ्या खोलीत नेलं. "हनुवटी इथे टेकवा," एक तरुण, दमलेला आवाज म्हणाला. हे तिघांतले धाकटे डॉक्टर. लखकन प्रकाश पडला. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आजोबा. चांगला पिकलाय. काढून टाकू या?"

आवाज इतका अदबशीर होता, आणि बाहेर इतकी माणसं खोळंबली होती, की ग्रंथपाल म्हणाले, "हो."

या 'हो'ला इतिहास आहे. याच 'हो'नं त्यांनी विमावाल्यांकडून पॉलिसी घेतली होती, दारावर आलेल्या माणसाकडून गालिचा साफ करायचं यंत्र घेतलं होतं (घरात गालिचा नव्हता), आणि एकदा एका अनोळखी लग्नात फोटो काढून घेतला होता. पण डोळा देण्याची वेळ आजवर आली नव्हती.

घरी ते भिंतीला हात लावत आले. वाटेत टपालपेटीला त्यांनी नमस्कार केला, पण तो तिला पोचला नसावा.

"बघितलंत?" बायकोनं दारातच विचारलं.

"हो."

"कसं आहे?"

"उजेड भरपूर आहे."

"डॉक्टर कसे वाटले?"

"ढगासारखे," ग्रंथपालांच्या तोंडून निघून गेलं. मग सगळंच सांगावं लागलं.

बायकोनं आधी त्यांना खुर्चीत बसवलं. मग म्हणाली, "पोटची पोर डोळ्यांची सर्जन, आणि तुम्ही परक्याला डोळा देऊन आलात. बघायला पाठवलं होतं मी तुम्हाला. द्यायला नाही." नाही म्हणून येण्यासाठी ती त्यांना लगेच परत पाठवणार होती, पण नाही म्हणायला पुन्हा तिथे जायचं म्हणजे पुन्हा पिवळा बाक आला. शिवाय लेकीला विचारायचीही सोय नव्हती. तिला विचारायचं तर तिथे कशाला गेला होतात हे आधी सांगायला हवं.

"एवीतेवी 'हो' म्हणालाच आहात, तर विमा तरी वापरा," विमावाल्यांनी वर येऊन निकाल दिला. "पॉलिसी माझ्याच हातची आहे."

इथून पुढे ग्रंथपालांचा डावा डोळा त्यांचा राहिला नाही. नेत्रालय म्हणालं, विमा कंपनीची मंजुरी आणा. विमा कंपनी म्हणाली, हृदय ठीक असल्याचं आणा. हृदयवाले म्हणाले, साखर बघून या. साखरवाल्यांनी साखर पाहिली आणि दात कसे आहेत असं विचारलं. डोळ्याचा आणि दाताचा काय संबंध, हा प्रश्न ग्रंथपालांना पडला होता. पण दातवाल्याच्या खुर्चीत तोंड उघडं असल्यामुळे विचारता आला नाही. अखेर मंजुरी आली. उजव्या डोळ्याची.

"आमचा डावा होता," ग्रंथपाल काचेच्या भोकाशी वाकून म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीनं कागद वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "उजवा करून घेता का? मंजुरी आलीच आहे."

त्या दिवशी आयुष्यात प्रथमच ते परक्या माणसाला 'नाही' म्हणाले. नेमकं त्याच वेळी वरचं यंत्र सुरू झालं आणि ते ऐकू गेलं नाही. सुदैवानं तिनंच पुढे काही लिहिलं नाही.

डाव्याची मंजुरी आल्यावर दिवस ठरला. ग्रंथपाल उपाशीपोटी गेले, थेंब घालून घेतले, बसले. दुपारी सिस्टर म्हणाली, "आज नाही होणार, आजोबा. धाकटे डॉक्टर दुसऱ्या शाखेत अडकलेत." पुढच्या खेपेला मधले डॉक्टर तिसऱ्या शाखेत होते. "सर्जनच कमी पडतायत हो," सिस्टर म्हणाली. "नवे घेणार आहेत म्हणे. कधी घेतात कोण जाणे." आणि सवयीनं आणखी दोन थेंब टाकून गेली.

म्हणजे, घरी जाताना ग्रंथपालांनी अंदाजानं पाय टाकत विचार केला, माझं ऑपरेशन अडलंय सर्जनवाचून. सर्जन येणार म्हणजे आपली लेकच येणार. लेक यायची की नाही ते ठरणार मी काय बघतो त्यावर. आणि मला बघता येणार ऑपरेशन झाल्यावर. या साखळीची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हे त्यांना उमगेना. त्यांनी तो विचार सोडून दिला आणि रस्ता ओलांडला. तो रस्ता नसून कुणाचं तरी अंगण निघालं.

लेकीचा फोन आला. शुक्रवारी मुलाखत आहे, गुरुवारी रात्री निघते, सकाळी घरी येते. "बाबा ठीक आहेत ना? तुझा आवाज दबल्यासारखा येतोय."

"वाचत बसलेत," आई म्हणाली. ग्रंथपाल पुस्तक उलटं धरून बसले होते.

ऑपरेशनची तिसरी तारीख आली ती बुधवारची. बाकावर बसून, थेंब घालून घेऊन, ते निवांत झाले होते. एव्हाना एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की त्यांना भीड वाटत नव्हती. ढगाशी बोलायला काय संकोच? मागच्या खेपेला त्यांनी शेजारच्या एका निळ्या ढगाला धीर दिला होता आणि त्या ढगानं घरच्या सुनेची सगळी हकिकत सांगितली होती.

आज शेजारी एक पांढरा ढग येऊन बसला. जड शरीराचा असावा, बाक कुरकुरला.

"बराच वेळ झाला का?" ढगानं विचारलं.

"माझी तिसरी खेप आहे. पण तुम्ही धीर सोडू नका. सिस्टरचा हात हलका आहे. आणि इथे कुणी कुणावर ओरडत नाही. मी मुद्दाम कान देऊन असतो."

"मग अडतं कुठे?"

"सर्जन गाडीत असतात," ग्रंथपाल म्हणाले. आपण इतकं सलग बोलतोय याचं त्यांनाच नवल वाटत होतं. "चार शाखा काढल्या आणि डॉक्टर तीन. त्यात मोठे डॉक्टर हल्ली ऑपरेशन करत नाहीत म्हणतात. कालवणापेक्षा ताटं जास्त झालीत. धाकटे डॉक्टर बिचारे उपाशी असतात. मला तपासताना त्यांचं पोट वाजतं, माझ्या कानाशीच असतं ते. पण एक सांगतो. परवा एका बाईंना ते म्हणाले, 'तुम्हाला घाई नाही, वर्षभर थांबलात तरी चालेल.' इतकी रांग, इतका दमलेला माणूस, आणि गिऱ्हाईक परत पाठवतो. ते मला आवडलं."

ढग जरा जवळ सरकला. "मला भीती वाटते ऑपरेशनची," तो एकदम म्हणाला. "हसू नका. आपला डोळा कुणाच्या हातात द्यायचा, तेच ठरत नाही."

"हसेन कशाला? मीही दोन वर्षं टाळलं."

"कुणाच्या हातात दिला असतात? मनापासून सांगा."

आता इथे ग्रंथपालांनी गप्प बसायला हवं होतं. लेकीनं बजावलं होतं, बायकोनं बजावलं होतं. पण समोर चेहरा नव्हता. नुसता एक घाबरलेला, पांढरा ढग होता.

"माझ्या लेकीच्या," ते म्हणाले. "सर्जन आहे ती. शुक्रवारी इथेच मुलाखतीला येतेय. हे मी सांगितलं असं कुणाला म्हणू नका. तिला आवडायचं नाही. सकाळी तिच्याशी बोलायला जाऊ नये, चहा होईपर्यंत तुटक बोलते. पण हात घाईचा नाही. लहान असताना बाहुलीचा डोळा निखळला होता, तो बसवायला तिनं सबंध सुट्टी घालवली. मी म्हटलं नवी आणू, तर म्हणाली, हिला दिसायला नको का? इथले लोक तिला घेतील. पण डोकी मोजायला लावली तर ती राहणार नाही. आणि आम्हाला... आम्हाला ती राहायला हवी आहे."

एवढ्यात सिस्टरचा आवाज आला. "मोठे डॉक्टर, चला आत. धाकटे सर आलेत तुम्हाला तपासायला."

पांढरा ढग उठला. बाक पुन्हा कुरकुरला. "माझ्याही डोळ्यांत थेंब आहेत," तो म्हणाला. "तुम्ही कसे दिसता ते मला माहीत नाही. तेव्हा मी कुणाला काय सांगणार?" आणि भिंतीला हात लावत आत गेला.

ग्रंथपालांचं ऑपरेशन त्या दिवशीही झालं नाही, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन ते उशीत तोंड खुपसून पडले. बायकोला वाटलं, थेंब.

शुक्रवारी लेक मुलाखतीहून परतली. चपला काढल्या नाहीत. सरळ येऊन बाबांच्या समोर बसली.

"तिघं डॉक्टर होते," ती म्हणाली. "दोघांनी कामाचं विचारलं. मोठ्यांनी गॉगल घातला होता. त्यांनी एकच विचारलं. 'सकाळी चहा होईपर्यंत तुटक बोलता का?'"

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज थांबला.

"सबंध जगात हे फक्त या घरात माहीत आहे. आई, तू गेली होतीस?"

"मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही," आतून आई म्हणाली. आणि ते खरं होतं.

ग्रंथपालांनी सांगितलं. खाली बघत, तिच्या हातांकडे बघत, अडखळत, पण सगळं सांगितलं: बाक, थेंब, 'हो', उजव्या डोळ्याची मंजुरी, ढग. लेक ऐकत होती. तिला हसू येतंय की राग, ते त्यांना समजेना. आज तर डोळ्यांत थेंबही नव्हते.

"दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तपासून सांगितलं होतं, बाबा, मोतीबिंदू आहे, काढून घ्या, मी करते. तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

"आणि परक्या माणसाला पहिल्याच दिवशी हो?"

"परक्याला नाही म्हणता येत नाही गं," ग्रंथपाल म्हणाले. "नाही म्हणायला घरचं माणूस लागतं."

मग वाकून तिनं चपलांचे पट्टे सोडले. "मग कसं आहे तिथे? तुम्ही बघून आलात ना?"

"दिसलं काहीच नाही."

"जे ऐकलंत ते सांगा."

"गोंधळ फार आहे. वर कायम भोकं पाडतात. पण माणसं घाबरलेली असली तर घाबरलोय म्हणतात. आणि गरज नसेल त्याला परत पाठवतात." ते थांबले. "बाथरूम मला सापडलं नाही."

लेक हसली. मग म्हणाली, "त्यांनी घेतलंय मला. मी उद्या सांगते म्हणून आले. त्यांच्याशी कोण बोललं ते कळल्याशिवाय हो म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं त्यांना, कुणाची मुलगी म्हणून घेत असाल तर नको. तर मोठे डॉक्टर म्हणाले, 'ते कोण होते ते मी पाहिलेलं नाही. मी फक्त माझ्या डोळ्यासाठी सर्जन शोधतोय.'" ती उठली. "आधी त्यांचा डोळा, मग तुमचा. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. मी घरची आहे."

ग्रंथपालांनी मान वर केली आणि, किती दिवसांनी कोण जाणे, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डाव्या बाजूनं तो थोडा धुरकट होता.

"हो," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी बायको बरोबर आली. लेकीची खोली, लेकीच्या नावाची पाटी आणि मुख्य म्हणजे ते बाथरूम, हे सगळं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ग्रंथपाल सवयीनं पिवळ्या बाकावर बसले, शेजारी ती बसली, मांडीवर पिशवी घेऊन, ताठ. कोपऱ्यावरून सिस्टर येताना दिसली.

"अगं, तू जरा पलीकडे..." ग्रंथपाल सांगायला लागले. तेवढ्यात वरचं यंत्र सुरू झालं.

"चष्मा काढा. वर बघा."

"अहो बाई, मला काही होत नाहीये," बायको म्हणाली, पण ठाम आवाजापुढे तिचीही मान वर गेलीच. "मी नुसती बघायला आलेय."

"हो हो," सिस्टर म्हणाली, आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळली. "सगळे त्यासाठीच येतात."